एग्लंटाइन जेब कोण होत्या? सेव्ह द चिल्ड्रनच्या संस्थापिकेचे आयुष्य आणि मदत संस्थांच्या सरकारी निधीला जोडलेली सेफगार्डिंगची अट

परदेशात मदतकार्य करणाऱ्या ब्रिटिश संस्थेला सरकारी पैसा हवा असेल, तर आज तिला एका अवघड प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. तुमच्याच माणसाने मदतीच्या रांगेतल्या बाईचा किंवा मुलाचा गैरफायदा घेतला, तर तक्रार कुठे करायची, ती कोण ऐकणार आणि त्या माणसाचे पुढे काय होणार? यालाच या क्षेत्रात सेफगार्डिंग म्हणतात. म्हणजे मदत करायला आलेल्यांकडूनच इजा होऊ नये, यासाठी केलेली व्यवस्था.

हे नियम कडक झाले ते २०१८ मध्ये. त्या वर्षी ऑक्सफॅम आणि सेव्ह द चिल्ड्रन या ब्रिटनमधल्या दोन बड्या संस्था अडचणीत आल्या आणि दोघींनाही काही काळ नव्या सरकारी निधीपासून लांब राहावे लागले. यातली बोचणारी गोष्ट अशी, की मुलाला प्रत्येक प्रकारच्या शोषणापासून संरक्षण मिळाले पाहिजे हे वाक्य राष्ट्रसंघाच्या कागदावर आणणारी बाई सेव्ह द चिल्ड्रनचीच संस्थापिका होती. तिचे नाव एग्लंटाइन जेब. ती गेली १९२८ मध्ये. आजच्या नियमांचा अर्थ समजून घ्यायचा तर तिच्या आयुष्यापासून सुरुवात करणे सोयीचे पडते.

मुलांची आवड नसलेली शिक्षिका

एग्लंटाइन जेब यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळच्या एल्समिअर गावी झाला. घर जमीनदाराचे. वडील कायद्याचे पदवीधर आणि वाचणारे. आईने खेड्यातल्या कष्टकरी लोकांना हस्तकला शिकवणारी एक चळवळ उभारली होती. मुलींनी विद्यापीठात शिकावे की नाही यावर त्या काळातल्या अशा घरांमध्ये वाद व्हायचेच. इथे लुईसा आत्या मुलींच्या बाजूने उभी राहिली आणि १८९५ मध्ये एग्लंटाइन ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये इतिहास शिकायला गेल्या.

पुढे त्या मार्लबरो गावात प्राथमिक शाळेत शिकवायला लागल्या. गरिबांच्या मुलांना शिकवायचे हा आदर्शवाद, पण प्रत्यक्ष वर्गात त्यांचा जीव रमेना. आपल्याला मुलांची उपजत आवड नाही हे त्यांनी कधी लपवले नाही. तब्येतही साथ देईना. साधारण वर्षभरात ती नोकरी सुटली. लाखो मुलांच्या तोंडात घास पडावा म्हणून पुढे जिने जीव टाकला, तिला समोर बसलेली चाळीस मुले नकोशी व्हायची, ही गोष्ट तिच्यावर लिहिणाऱ्या सगळ्यांना गमतीची वाटते. माझ्या मते ती नुसती गंमत नाही. मुले गोड असतात म्हणून त्यांना मदत करायची, हा विचार जेब यांच्या डोक्यात कधीच नव्हता. मुलाचा हक्क आहे म्हणून करायची, इथे त्या लवकर पोहोचल्या, त्याचे एक कारण हेही असावे.

केंब्रिज: मदतीचा हिशेब शिकण्याची जागा

वडील १८९४ मध्येच गेले होते. शाळा सोडल्यावर जेब आईबरोबर केंब्रिजला राहायला आल्या. तिथे अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या पत्नी मेरी मार्शल आणि जॉन मेनार्ड केन्स यांची आई फ्लोरेन्स केन्स यांच्या ओळखीतून त्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीच्या कामात शिरल्या.

ही सोसायटी आज अनेकांना कोरडी आणि कठोर वाटेल. दारावर आलेल्याला नाणे देऊ नका, आधी त्याच्या घरची परिस्थिती तपासा, मदत किती काळ लागेल ते ठरवा, दोन संस्था एकाच घरात जात नाहीत ना ते पाहा, अशी तिची शिस्त. गरिबाची लायकी ठरवण्याचा उद्धटपणाही तिच्यात होता. पण जेब यांनी तिथून एक गोष्ट उचलली. कुणाचे तरी भले करायचे आहे एवढ्याने भले होत नाही. आधी माहिती गोळा करावी लागते. १९०६ मध्ये त्यांनी केंब्रिज शहराच्या सामाजिक प्रश्नांवर एक पाहणीवजा पुस्तक प्रसिद्ध केले. शाळा सोडणाऱ्या मुलांना नीट काम मिळावे म्हणून नोंदणी कार्यालय चालवले. त्यानंतरची काही वर्षे आजारी आईबरोबर युरोपातल्या आरोग्यस्थळी फिरण्यात गेली.

१९१३ मध्ये, बाल्कन युद्धानंतर, त्या मॅसेडोनियन रिलीफ फंडाच्या वतीने मॅसेडोनियात गेल्या. घरे सोडून आलेली माणसे, जळालेली गावे, धर्म आणि वंशावरून चाललेला सूड त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिला. परत आल्यावर निधी जमवण्यासाठी भाषणे केली, पण लोकांचा प्रतिसाद थंड होता. दूरच्या देशातल्या, वेगळ्या धर्माच्या माणसांसाठी इंग्रज माणूस खिशात हात घालत नाही, हा धडा त्यांना तिथेच मिळाला.

नाकेबंदी, पत्रक आणि अटक

पहिल्या महायुद्धात जेब यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन हिने एक वेगळेच काम सुरू केले होते. शत्रुराष्ट्रांची वर्तमानपत्रे मागवायची, त्यातल्या बातम्या इंग्रजीत आणून केंब्रिज मॅगझीनमध्ये छापायच्या. सरकारची परवानगी घेऊन चाललेल्या या कामात एग्लंटाइनही भाषांतराला बसल्या. त्या कात्रणांतून दोघींना दिसू लागले, की जर्मनी आणि ऑस्ट्रियात लोक उपाशी आहेत आणि त्याला आपल्या नौदलाने केलेली नाकेबंदीही जबाबदार आहे.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले, पण नाकेबंदी उठली नाही. तहावर सही होईपर्यंत शत्रूवर दबाव ठेवायचा, हा त्यामागचा हिशेब. व्हिएन्नातली मुले मुडदूस आणि क्षयाने खंगत होती. ही नाकेबंदी उठवावी यासाठी १९१९ च्या सुरुवातीला फाइट द फॅमिन कौन्सिल नावाचा गट उभा राहिला. त्यात दोघी बहिणी आघाडीवर होत्या.

एप्रिल १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात जेब यांनी एक पत्रक वाटले. त्यावर उपासमारीने शरीर वाळलेल्या ऑस्ट्रियन बाळाचा फोटो होता आणि ब्रिटिश नाकेबंदीला उघड दोष दिला होता. युद्धकाळातला संरक्षण कायदा अजून लागू होता. सेन्सॉरला न दाखवता असे पत्रक वाटणे गुन्हा होता. जेब यांना अटक झाली. मे महिन्यात मॅन्शन हाऊसमधल्या न्यायालयात खटला चालला. जेब यांनी वकील न घेता स्वतःच बाजू मांडली. कायद्याने बचाव होणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी भर दिला तो नैतिक बाजूवर. त्या दोषी ठरल्या. दंड झाला ५ पाउंड.

त्या काळात याहून मोठी शिक्षा होऊ शकत होती. आणि इथेच तो प्रसंग घडला, जो सेव्ह द चिल्ड्रनच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो: सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी खटला संपल्यावर जेब यांच्या हातात ५ पाउंड ठेवले आणि ते नव्या निधीत जमा झाले. म्हणजे पहिल्या देणग्यांपैकी एक सरकारी वकिलाची. ती वैयक्तिक होती हे लक्षात घ्यायला हवे. सरकार दुसऱ्या बाजूलाच उभे होते.

दानासाठी विश्वास, विश्वासासाठी हिशेब

सेव्ह द चिल्ड्रन फंड १५ एप्रिल १९१९ रोजी त्या कौन्सिलमधून वेगळा निघाला. राजकीय मागणी एका बाजूला आणि मुलांसाठी मदत दुसऱ्या बाजूला, अशी ही फोड होती. १९ मे रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी सभा झाली. शत्रूच्या मुलांसाठी पैसे मागणाऱ्यांवर फेकायला काही जण सडलेली फळे घेऊन आले होते, असे सांगतात. सभा संपता संपता त्याच गर्दीतून पैसे जमू लागले.

सुरुवातीला संस्थेची सूत्रे डोरोथीकडे होती. पण तिचा ओढा राजकारणाकडे होता. काही महिन्यांतच जबाबदारी एग्लंटाइनवर आली आणि त्यांच्यातली संघटक बाहेर पडली. त्यांनी नावाजलेल्या लोकांना जोडले. लॉर्ड वेअरडेल अध्यक्ष झाले. खाण कामगारांचे नेते रॉबर्ट स्माइली आणि नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्यासारखी एकमेकांशी न पटणारी माणसे एका यादीत आली. जेब स्वतः कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांनी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्याकडे मदत मागितली. २८ डिसेंबर १९१९ रोजी जगभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये मध्य युरोपातल्या मुलांसाठी वर्गणी गोळा करण्याचे आवाहन पोपनी केले. जानेवारी १९२० मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याला रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा आश्रय मिळाला.

त्या काळात वादग्रस्त ठरलेली गोष्ट वेगळीच होती. जेब यांनी धर्मादाय कामासाठी वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती दिल्या आणि संस्थेचे कामकाज पगारी, व्यावसायिक माणसांच्या हाती सोपवले. दानाच्या पैशातून जाहिरात आणि पगार? हा प्रश्न आजही प्रत्येक संस्थेला विचारला जातो, रेल्वे स्टेशनबाहेर फाइल घेऊन उभ्या असलेल्या तरुणालाही. जेब यांचे उत्तर साधे होते: हे काम कारखान्याइतक्याच काटेकोरपणे चालले पाहिजे. आधी गरज मोजायची, मग पैसा पाठवायचा, मग तो कुठे गेला ते दाखवायचे.

रशियातला दुष्काळ: सरकारांनी नाही म्हटल्यावर

या पद्धतीची खरी परीक्षा १९२१ मध्ये झाली. व्होल्गाच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. सत्तेत बोल्शेविक होते आणि पश्चिमेकडच्या सरकारांना त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. नॉर्वेचे शोधप्रवासी फ्रिट्योफ नान्सेन यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये राष्ट्रसंघापुढे उभे राहून सरकारांकडे ५० लाख पाउंडांची मागणी केली. ती मान्य झाली नाही. अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. तिथल्या संसदेने २ कोटी डॉलर मंजूर केले, पण वाटपाचे काम हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकन रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशनमार्फतच आणि त्यांच्याच देखरेखीखाली होईल, ही अट घातली. सरकारी पैशाबरोबर सरकारी अटी येतात, हे तेव्हाच दिसले होते.

सेव्ह द चिल्ड्रनकडे असा पैसा नव्हता. लोकांच्या वर्गणीवर त्यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये टॉर्सेलो नावाच्या बोटीतून सुमारे ६०० टन अन्न आणि साहित्य लंडनहून पाठवले आणि साराटोव्ह प्रांतात स्वयंपाकघरे उघडली. काम भरात असताना तिथे सुमारे ३ लाख मुलांना जेवण मिळत होते. इकडे लंडनमध्ये डेली एक्स्प्रेस या वर्तमानपत्राने संस्थेविरुद्ध मोहीम उघडली. रशियातला दुष्काळ फुगवून सांगितला जातो आहे, घरची मुले उपाशी असताना बाहेर पैसा का, अशा स्वरूपाची ती टीका होती. उत्तर म्हणून संस्थेने एक छायाचित्रकार थेट दुष्काळी भागात धाडला आणि त्याने चित्रित केलेली फिल्म १९२२ मध्ये ठिकठिकाणी दाखवली. उपाशी मुले दिसत होती, तशी रांगा, भांडी, वाटप आणि नोंदी असलेली स्वयंपाकघरेही दिसत होती. त्या काळात हा नवाच प्रकार होता. देणगीदाराला पुरावा देण्यासाठी सिनेमा.

इथे थोडे थांबू. जेब यांच्या संस्थेवरचे जे संशय होते, ते सगळे पैशाबद्दलचे होते. पैसा पोहोचतो का? वाटेत कोण खातो? शत्रूच्या हातात जातो का? त्यावर त्यांनी हिशेब, तपासनीस, आकडे आणि फिल्म अशी उत्तरे दिली. पण स्वयंपाकघराच्या दारात पळी कुणाच्या हातात आहे आणि ती पळी हातात असणे म्हणजे रांगेतल्या उपाशी माणसावर केवढी सत्ता, हा प्रश्न तेव्हा कुणी ठळकपणे विचारला नाही. इंजिनीअरिंगला पूल डिझाइन करताना पहिल्यांदा कोणकोणते भार येतील ते लिहून काढायला लावतात. त्या पिढीने सगळे भार बाहेरून येतील असे धरले होते.

पाच कलमांचा कागद

रशियातले काम आवरत आले, युरोपातली परिस्थिती सावरू लागली आणि देणग्या घटल्या. दर संकटात नव्याने पैसे मागत फिरण्यापेक्षा मुलांना काय मिळालेच पाहिजे हे एकदा लिहून ठेवावे, असे जेब यांना वाटू लागले. १९२३ मध्ये त्यांनी मसुदा केला. फक्त पाच कलमे. मुलाला शरीराने आणि मनाने वाढण्याची साधने मिळावीत. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, मागे पडलेल्याला आधार, वाट चुकलेल्याला पुन्हा वाट, अनाथाला आसरा मिळावा. संकटात मदत सर्वांत आधी मुलाला मिळावी. त्याला पोट भरण्याइतके शिक्षण मिळावे आणि प्रत्येक प्रकारच्या शोषणापासून त्याचे रक्षण व्हावे. आणि आपल्या गुणांचा उपयोग इतर माणसांसाठी करायचा आहे, या जाणिवेत तो वाढावा.

२६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने हा जाहीरनामा स्वीकारला. तो जिनिव्हा जाहीरनामा म्हणून ओळखला जातो. पाच वर्षांपूर्वी ज्या बाईला पत्रकासाठी दंड झाला होता, तिचा कागद आता सरकारांच्या टेबलावर होता. सरकारांवर कायद्याचे बंधन मात्र त्याने येत नव्हते. मुलाला हे मिळाले पाहिजे एवढेच तो सांगत होता. न मिळाल्यास कुणाकडे दाद मागायची याबद्दल त्यात काही नव्हते. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याचा विस्तार केला. २० नोव्हेंबर १९८९ च्या बालहक्क करारात देशांवर बंधन आले. भारत या करारात डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला.

जेब यांच्या शेवटच्या वर्षांत युरोपच्या पलीकडे पाहण्याची धडपड दिसते. आफ्रिका आणि आशियातल्या मुलांपर्यंत काम न्यायचा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्या चिनी भाषाही शिकू लागल्या होत्या. थायरॉइडच्या विकाराने त्या बरीच वर्षे त्रस्त होत्या, शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १७ डिसेंबर १९२८ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, जिनिव्हात त्यांचे निधन झाले. लग्न केले नव्हते. तिथल्याच सेंट जॉर्ज दफनभूमीत त्यांना पुरले. २०२४ मध्ये त्यांचे अवशेष शहरातल्या मान्यवरांसाठी राखलेल्या सिमेतिएर दे रवा या दफनभूमीत हलवण्यात आले.

चौथे कलम संस्थांनाच लागू झाले तेव्हा

शोषणापासून रक्षणाचे ते चौथे कलम लिहिताना जेब यांच्या नजरेसमोर कारखाने, शेतमजुरी आणि मुलांचा व्यापार होता. मदत संस्था नव्हत्या. पण २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणेने आणि सेव्ह द चिल्ड्रनच्याच ब्रिटिश शाखेने गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन इथल्या निर्वासित मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. धान्य, ताडपत्री, औषध यांच्या बदल्यात मदत कर्मचारी आणि शांतिसैनिक मुलींकडून शरीरसंबंधांची मागणी करतात, असे आरोप त्यात समोर आले. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी यावर सक्त मनाईचे नियम काढले. कागद पुन्हा एकदा चांगला होता.

२०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये ऑक्सफॅमचे काही कर्मचारी वेश्यागमन करत होते. २०११ मध्ये संस्थेने आतल्या आत चौकशी केली. चौघांना काढले, तिथल्या प्रमुखासह तिघांनी राजीनामा दिला. बाहेर मात्र पूर्ण प्रकार सांगितला गेला नाही. तो प्रमुख पुढे दुसऱ्या संस्थेत बांगलादेशात कामाला लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनच्या टाइम्सने हे छापले आणि स्फोट झाला. सुमारे १० दिवसांत ७ हजार लोकांनी आपली नियमित देणगी थांबवली. आदल्या आर्थिक वर्षात ऑक्सफॅमला ब्रिटिश सरकारकडून सुमारे ३.२ कोटी पाउंड मिळाले होते. आता नवा सरकारी निधी मागणार नाही, असे संस्थेला कबूल करावे लागले. हैती सरकारने जून २०१८ मध्ये तिला देशात काम करण्यास बंदी घातली.

त्याच काळात सेव्ह द चिल्ड्रन यूकेमधल्या महिला कर्मचाऱ्यांच्या जुन्या तक्रारी बाहेर आल्या. दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वागणुकीबद्दलच्या या तक्रारी २०१२ आणि २०१५ मध्ये कशा हाताळल्या गेल्या, यावर चॅरिटी कमिशनने चौकशी लावली. एप्रिल २०१८ मध्ये या संस्थेनेही नव्या सरकारी निधीसाठी अर्ज न करण्याचे ठरवले. मार्च २०२० मधल्या अहवालात कमिशनने संस्थेच्या कार्यसंस्कृतीतल्या गंभीर उणिवांवर बोट ठेवले.

ब्रिटनने नेमके काय बदलले?

तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय विकासमंत्री पेनी मॉर्डंट यांनी निधी घेणाऱ्या सर्व संस्थांना पत्र धाडून काही आठवड्यांत लेखी खुलासा मागवला. नंतर निधी देण्याआधीची झाडाझडती, म्हणजे ड्यू डिलिजन्स, वाढवण्यात आली. त्यात सहा गोष्टी पाहिल्या जातात: सेफगार्डिंगचे धोरण, गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण, भरती आणि मनुष्यबळ, जोखमीचे व्यवस्थापन, आचारसंहिता आणि विश्वस्त मंडळाची जबाबदारी. नुसते धोरण छापलेले असून भागत नाही. कर्मचारी घेताना आधीच्या संस्थेकडे विचारणा होते का, तक्रारींची नोंद कुठे आहे, ती विश्वस्तांपर्यंत जाते का, हे दाखवावे लागते. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनमध्ये यावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. जानेवारी २०१९ पासून संस्थांनी एकमेकींना माजी कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाची माहिती देण्याची योजना सुरू केली. हैतीतला माणूस बांगलादेशात पोहोचला होता, ती फट बुजवण्यासाठी. जुलै २०१९ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाच्या विकास मदत समितीनेही अशीच शिफारस मंजूर केली.

पैशाची भीती दाखवल्यावर संस्था हलतात हे खरे, पण तिची दुसरी बाजूही आहे. तक्रार समोर आली की निधी थांबतो, हे कळल्यावर तक्रार दाबण्याचा मोह वाढू शकतो. म्हणून तक्रारींचा आकडा वाढणे हे कधी कधी यंत्रणा चालू असल्याचे लक्षण असते, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात. निधी देणाऱ्याने ते तसे वाचायला हवे. शिवाय नियमांचा खर्च मोठ्या संस्थेला पेलतो. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या, चार-पाच माणसांच्या स्थानिक संस्थेला इंग्रजीत पन्नास पानांचे धोरण लिहिणे जड जाते.

ऑक्सफॅमची गोष्ट तिथे संपली नाही. मार्च २०२१ मध्ये तिला पुन्हा निधीसाठी अर्ज करायची मुभा मिळाली आणि पुढच्याच महिन्यात काँगोमधल्या आरोपांमुळे ती थांबवण्यात आली.

भारतात काय वेगळे?

परदेशातून पैसा घेणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांवर एफसीआरए कायद्याची देखरेख असते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरावीक शाखेतच आधी जमा करावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के झाली आणि दुसऱ्या संस्थेकडे तो वळवायला मनाई आली. हा पहारा मुख्यतः पैशाच्या वाटेवर आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा वेगळे आहेत. ते सर्वांनाच लागू होतात. निधी देताना त्यांची तपासणी करण्याची सक्ती एफसीआरएमध्ये नाही. ब्रिटिश निधीतून चालणाऱ्या प्रकल्पात काम करणाऱ्या इथल्या संस्थांना मात्र करारामुळे लंडनचे निकषही पाळावे लागतात.

आता निधीच आटतो आहे. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचे प्रमाण २०२१ मध्ये ०.५ टक्क्यांवर आणले आणि २०२७ पर्यंत ते ०.३ टक्क्यांपर्यंत कमी करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. पैसे कमी झाले की संस्था आधी कुठला खर्च कापतात, याकडे या क्षेत्रात आता लक्ष आहे. तक्रार ऐकायला छावणीत बसवलेली स्थानिक भाषा येणारी बाई, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि चौकशी अधिकारी यांचे पगार या खर्चात मोडतात. त्यांच्यातून थेट कुणाच्या ताटात काही पडताना फोटोत दिसत नाही.